मागच्या दाराची साक्ष

ताराबाई पाटोळे खोटं बोलत नाही, हे आमच्या वस्तीत इतकं धरून चाललेलं होतं की त्याचं कुणाला कौतुकही उरलं नव्हतं. बांधावरून तंटा झाला किंवा शेळी कुणाच्या रानात शिरली यावरून बायका हमरीतुमरीवर आल्या, की कुणीतरी म्हणायचं, "ताराबाईला इचारा." एकदा तिच्या सख्ख्या दिरानं भर दुपारी शेजाऱ्याच्या हद्दीतली बाभळ तोडली आणि नाकबूल झाला. पंचांनी ताराबाईला बोलावलं. ती पदर सावरून उभी राहिली आणि म्हणाली, "यानंच तोडली. मी पाहिलं." दीर पुढं सहा वर्षं तिच्या दारात आला नाही. तिचा नवरा बंकट तेव्हा जिवंत होता. तो एवढंच म्हणाला, "जरा दमानं बोलली असतीस तरी चाललं असतं."

मी त्याच वस्तीत राहतो. चौसाळ्याच्या अलीकडं, हायवेला लागून आमची पन्नास-साठ घरं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पस्तीस वर्षं मास्तर होतो, म्हणून सगळे भारत गुरुजी म्हणतात. आम्ही बौद्ध. पलीकडच्या आळीला धनगरांची घरं, आणि ओढ्याच्या बाजूला ख्रिस्ती लोकांची पंधरा-सोळा. ताराबाई त्यातली. तिच्या आज्यानं मिशनच्या काळात बाप्तिस्मा घेतला होता. त्यांचं चर्च म्हणजे पत्र्याची एक लांबट खोली आणि वर लोखंडी क्रूस. त्याला ते देऊळच म्हणतात.

ताराबाईची आई बायबल बाई होती. गावोगाव पायी फिरून शास्त्रातल्या गोष्टी सांगायची. ताराबाई शाळेत दोनच इयत्ता शिकली, बाकीचं वाचन आईनं त्या एका पुस्तकावर करून घेतलं. त्यामुळं वर्तमानपत्र वाचताना ती अडखळायची, पण नीतिमान, अनाचार, प्रायश्चित्त असले शब्द तिच्या तोंडून पाण्यासारखे वाहायचे. दर बुधवारी दुपारी देवळात बायांची बैठक भरायची, तिथं वाचून दाखवायचं काम तिचंच.

बंकट काविळीनं गेला तेव्हा मुलगी राजश्री आठवीत होती. ताराबाईनं शहरातल्या एका खासगी दवाखान्यात आयाची नोकरी धरली. कोणतं शहर आणि कोणता डॉक्टर, ते मी लिहीत नाही. जीपनं पाऊण तास लागायचा. बाळंतपणाचा दवाखाना होता. चादरी धुवायच्या, फरशी पुसायची, बाळंतिणीला धरून न्हाणीत न्यायचं, बाळाला पुसून नातेवाइकांच्या हातात द्यायचं. अकरा वर्षं तिनं ते केलं. राजश्रीला नर्सिंग शिकवलं, तिचं लग्नही करून दिलं.

पुढचं जे सांगतो, ते तिनं स्वतःच्या तोंडानं मला सांगितलेलं आहे. सलग तीन दुपारी माझ्या ओसरीवर बसून.

त्या दवाखान्याला मागच्या बाजूनं एक दार होतं. दुपारी बाहेरचे पेशंट संपले, शटर अर्धं खाली आलं, की डॉक्टर हाक मारायचा, "मावशी, मागचं दार उघडा." गल्लीत जीप उभी असायची. एक बाई उतरायची, बरोबर सासू नाहीतर नवरा. पोट चौथ्या-पाचव्या महिन्याचं. आधी कुठंतरी मशीनवर बघून आलेल्या असायच्या. कुणी "मुलगी" हा शब्द काढायचं नाही. कुणी काहीच बोलायचं नाही. ताराबाईनं दार उघडायचं, बाईला टेबलावर घ्यायचं, तिचा हात धरून उभं राहायचं. झाल्यावर फरशी पुसायची आणि एक पिवळी पिशवी, तोंड बांधलेली, मागच्या मोरीशेजारी ठेवायची. संध्याकाळी कुणीतरी ती घेऊन जायचं.

"मी औषध दिलं न्हाई," ताराबाई मला म्हणाली. "हत्यार हातात घेतलं न्हाई. नुसतं दार उघडलं."

आणि ज्या दिवशी मागचं दार उघडलं त्या दिवशी ती उपास धरायची. सकाळपर्यंत पाण्याशिवाय काही नाही. कुणाला कळू द्यायची नाही. घरी राजश्रीनं विचारलं तर म्हणायची, दवाखान्यात जेवले. सबंध आयुष्यात ती तेवढंच एक खोटं बोलायची आणि ते उपासासाठी आहे म्हणून तिला ते टोचायचं नाही.

मग एक दिवस तिथं एक बाई दगावली. लांबच्या गावातली, दोन मुलींची आई. ताराबाई त्या दिवशी कापणीच्या सणासाठी सुट्टीवर होती. दवाखान्याला सील लागलं. डॉक्टर आत गेला, नर्स आत गेली. आयाला कोण विचारतं? एक हवालदार घरी आला आणि अर्ध्या पानाचा जबाब लिहून घेऊन गेला. मी साफसफाईचं काम करत होते, आत काय चालायचं ते मला माहीत नाही, असं त्यानंच लिहिलं आणि वाचून दाखवलं. ताराबाईनं खाली सही केली. माहेरी आलेली राजश्री शेजारी उभी होती. हवालदार गेल्यावर लेकीनं सुटकेचा श्वास टाकला आणि चहा ठेवला.

डॉक्टरला काही महिन्यांत जामीन मिळाला. खटला आपल्या चालीनं चालू राहिला. तीन वर्षं गेली. ताराबाई घरीच होती, दोन शेळ्या पाळून होती, बुधवारची बैठक चालवत होती.

बैठकीत त्या बाया बायबलातली संदेष्ट्यांची पुस्तकं क्रमानं वाचत होत्या. यशया झाला, यिर्मया झाला, आणि त्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाला यहेज्केल लागला. त्या बुधवारी बारा-तेरा बाया होत्या. ताराबाई वाचत होती. नीतिमान माणूस आपली नीती सोडून अनाचार करू लागला, तर त्यानं आधी केलेलं एकही नीतीचं काम मोजलं जाणार नाही, अशा अर्थाचा तो भाग. तिथपर्यंत ती नेहमीच्या सुरात वाचत आली. मग थांबली. बायांना वाटलं ओळ चुकली. ती पुन्हा सुरुवातीपासून वाचायला लागली, पुन्हा तिथंच थांबली. तिसऱ्यांदा तिनं पुस्तक मिटलं, शेजारच्या बाईच्या मांडीवर ठेवलं आणि चपला न घालता घरी निघून गेली.

"उन्हानं चक्कर आली असंल," असं बायांनी ठरवलं.

तिनं घरी जाऊन एकटीनं पुढचं वाचलं. चार दिवस वाचत होती. त्यातच पहारेकऱ्याची गोष्ट आली. वेशीवर पहारेकरी ठेवलाय, त्यानं तलवार येताना पाहिली आणि कर्णा फुंकला नाही, तर जो मरेल तो मरेल, पण त्याच्या रक्ताचा जाब पहारेकऱ्याला द्यावा लागेल.

पाचव्या दिवशी ती चर्चच्या पाळकाकडं गेली. रविराज पाळक तरुण, भला माणूस. त्यानं सगळं ऐकून घेतलं, तिच्यासाठी प्रार्थना केली आणि म्हणाला, "मावशी, आपल्यासाठी किंमत येशूनं क्रूसावर आधीच भरलीय. तुम्ही पश्चात्ताप केलात, झालं. आता ते उकरू नका."

"मग यहेज्केलाला कावून बोलायला लावलं देवानं?" ताराबाईनं विचारलं.

 मग खरं काय ते पाळकानं सांगितलं. "आपण सोळा घरं आहोत. पेपरात आपल्या माणसाचं नाव आलं तर लोक डॉक्टरला विसरतील आणि आपल्याला धरतील. एवढं ध्यानात घ्या."

त्यानंतर ती माझ्याकडं आली. गुरुवार होता, दुपारची वेळ. ओसरीच्या पायरीवर बसली आणि म्हणाली, "गुरुजी, एक अर्ज लिहायचाय. पोलिसांला."

"कुणाविरुद्ध?"

"माझ्याच."

मला आधी हसू आलं. ती हसली नाही. मग तिनं मागच्या दाराचं सगळं सांगितलं. एका दमात नाही. सांगता सांगता उठायची, शेळ्यांना पाणी दाखवून यायची, पुन्हा बसायची. दुसऱ्या दिवशी आली, तिसऱ्या दिवशी आली. मी वहीत उतरवून घेत होतो.

एकदा मी पेन खाली ठेवून म्हणालो, "ताराबाई, आमच्या घरात वर बसून न्याय करणारा कुणी नाही. जो तो आपल्या कर्माचा धनी. पण तुमच्याकडं तर दयाळू देव आहे म्हणतात. अकरा वर्षं तुम्ही उपास केलेत, कुणाचं वाईट केलं नाहीत, ते काहीच नाही का?"

"मला बी तसंच वाटायचं," ती म्हणाली. "वाटायचं, त्याच्या हातात ताजवा असंल. उपास या पारड्यात, पिशवी त्या पारड्यात. पण तसं न्हाई गुरुजी. मागचं तो धरतच न्हाई. चांगलं बी न्हाई, वंगाळ बी न्हाई. आज तू कुठं उभी हायस, एवढंच बघतो."

"मग बरंच की. आज नीट उभ्या राहा."

"तेच तर," ती म्हणाली. "आज मी त्या खोट्या जबाबावर उभी हाय."

अर्ज लिहून झाला त्या रविवारी राजश्री आली. तिला पाळकाकडून कळलं होतं. ती मोठ्या शहरात एका हॉस्पिटलात नर्स आहे. आईसमोर बसली आणि रडायला लागली. मी उठून जायला निघालो, तर ताराबाईनंच बसवलं.

"त्याच पगारावर माझी फी भरली ना तू?" राजश्री म्हणाली. "मग मी बी त्या पापातलीच. मला बी आत टाका म्हणावं."

"न्हाई," ताराबाई म्हणाली. "लेकरावर येत न्हाई ते. आईनं आंबट खाल्लं म्हणून लेकीचे दात आंबत न्हाईत. जिचं तिला. हे त्यानं सोताच सांगितलंय."

"तुला आत टाकतील, आई."

"टाकू दे."

"आणि माझ्या सासरी काय सांगू?"

 राजश्री संध्याकाळच्या गाडीनं गेली. पुढं दर आठवड्याला यायचा तिचा फोन महिन्याला यायला लागला.

पोलीस ठाण्यात मीच तिच्याबरोबर गेलो. साहेबांनी अर्ज वरवर वाचला. "मावशी, चार्जशीट केव्हाच गेली कोर्टात," ते म्हणाले. "तुम्हाला आरोपी करून मला आता काय मिळणार? वय काय तुमचं? बासष्ट. घरी जा, नातवंडं खेळवा." ताराबाई हलेना, तेव्हा त्यांनी कंटाळून सरकारी वकिलाचं नाव दिलं.

सरकारी वकिलाला मात्र तिची गरज होती. त्याचे निम्मे साक्षीदार फिरले होते. त्यानं कोर्टात अर्ज देऊन ताराबाईला साक्षीला बोलावलं. ताराबाईला वाटलं, आता आपला न्याय होणार. त्या दिवशी तिनं पांढरं लुगडं नेसलं, जे ती फक्त प्रभुभोजनाच्या रविवारी नेसायची. बीडच्या कोर्टात मीही तिच्याबरोबर गेलो.

कोर्टाच्या व्हरांड्यात डॉक्टर उभा होता. आधीपेक्षा थोडा जाड झालेला. त्यानं तिला पाहिलं आणि जवळ येऊन अगदी आपुलकीनं विचारलं, "काय मावशी, तब्येत बरी आहे ना? गुडघे दुखायचे तुमचे." ताराबाईनं मान हलवली. 

आत तिनं सगळं सांगितलं. दार, जीप, टेबल, पिशवी. मग डॉक्टरचा वकील उठला. तो ओरडला नाही. सावकाश विचारत गेला.

"तीन वर्षांपूर्वी तुम्ही म्हणालात मला काही माहीत नाही. ती सही तुमचीच ना?"

"माझीच."

"मग तेव्हा खोटं बोललात की आता?"

"तवा."

"आता खरं बोला असं कुणी सांगितलं तुम्हाला?"

 "शास्त्रात वाचलं."

मागं कुणीतरी हसलं. वकील हसला नाही. "असा प्रकार किती वेळा पाहिला?"

"मोजला न्हाई."

"एखाद्या बाईचं नाव सांगता येईल?"

ताराबाईनं मान खाली घातली. नावं तिला माहीत होती. त्यातलं एक तर आमच्याच वस्तीतलं होतं. "माझं सांगते," ती म्हणाली, "त्यांचं सांगणार न्हाई."

"म्हणजे तारीख नाही, नाव नाही, आकडा नाही," वकील म्हणाला आणि खाली बसला.

जज्जबाईंनी लेखनिकाकडं पाहिलं, मग ताराबाईकडं. "ठीक आहे, तुम्ही जाऊ शकता."

ताराबाई पिंजऱ्यातच उभी राहिली. "बाई, आन माझं काय?"

"तुमचं काय म्हणजे?"

"दार मी उघडलं. माझा निकाल काय?"

जज्जबाई थकलेल्या दिसत होत्या. त्यांनी वाईट शब्द वापरला नाही. "तुम्ही साक्षीदार आहात, आजी. इथं तुमच्यावर खटला नाही." शिपायानं पुढच्या माणसाचं नाव पुकारलं.

सहा महिन्यांनी निकाल लागला. मुख्य आरोपातून डॉक्टर सुटला. कागदपत्रं नीट न ठेवल्याबद्दल काही शिक्षा झाली, ती आधीच भोगून झालेली धरली. ताराबाईच्या साक्षीबद्दल निकालात दोनच ओळी होत्या: या साक्षीदारानं आपला जबाब बदलला आहे, तिच्यावर विसंबता येत नाही. मी तिला ते वाचून दाखवलं. सबंध वस्ती जिच्या शब्दावर तंटे मिटवायची, तिच्याबद्दल ते लिहिलेलं होतं. तिनं मला ते पुन्हा वाचायला लावलं.

"बरोबर लिहलंय त्यांनी," ती म्हणाली.

त्यानंतरच्या आठवड्यात ती जानकीबाईकडं गेली. वस्तीतलं ते एक नाव म्हणजे जानकीबाई. धनगर आळीतली, ताराबाईपेक्षा बरीच लहान, पण दोघी कितीतरी वर्षं ओढ्यावर बरोबर धुणं धुवायच्या. दोन मुलींनंतर जानकीबाईला तिच्या सासूनं दोनदा त्या मागच्या दारानं नेलं होतं. दोन्ही वेळा दार उघडलं ते ताराबाईनं. पहिल्या वेळी दोघींनी एकमेकींना पाहिलं, ओळख दाखवली नाही, आणि पुढं ओढ्यावर त्याबद्दल एकदाही बोलल्या नाहीत. नंतर जानकीबाईला मुलगा झाला, त्याचं नाव परमेश्वर ठेवलं.

जानकीबाई वाड्यात मेंढरांच्या पिलांना पाजायला सोडत होती. ताराबाई कुंपणाशी उभी राहून म्हणाली, "जानके, मी तुझी गुन्हेगार हाय. मला माफ कर."

जानकीबाईनं आधी पिलांची पाजणी पुरी केली. मग हात पुसत जवळ आली. "तू माझा हात धरला होतास," ती म्हणाली. "दोन्ही बारीला. मला तेवढंच आठवतंय. बाकीचं मी आठवत न्हाई."

"मी दार उघडलं न्हवतं पायजे."

"तू न उघडतीस तर दुसरीनं उघडलं असतं. आन ती हात धरती न धरती."

"तरी पन मला माफ कर म्हन."

"न्हाई म्हननार," जानकीबाई म्हणाली. तिचा आवाज चढला. "तुला माफी दिली तर मला बी कुनाकडं तरी मागावं लागंल. मी कुनाकडं मागू? दोघी कुठं हायत माझ्या, मागायला? तू जा. पुन्हा हे काढू नकू."

हे मला जानकीबाईनंच नंतर सांगितलं, म्हणून कळलं. ताराबाई त्याबद्दल कधी बोलली नाही. ओढ्यावर मात्र त्या दोघी वेगवेगळ्या वेळी जायला लागल्या.

देवळात ताराबाईनं वाचन सोडलं. शेवटच्या रांगेत दाराशी बसायची. प्रभुभोजनाची, येशूच्या आठवणीत वाटायच्या भाकरीची, ताटली आली की स्वतः न घेता पुढच्या हातात द्यायची. पाळकानं समजावलं, बायांनी समजावलं. तिनं वाद घातला नाही.

पण तिनं एक नवंच सुरू केलं. वस्तीत किंवा आजूबाजूला कुठं एखादी सून गरोदर आहे असं कळलं की ती त्या घरी जायची. ओळख असो नसो. सुनेशी बोलायची नाही, सासू-सासऱ्यांपुढं उभी राहायची. "पोटात काय हाय ते बघायला जाऊ नका," म्हणायची. "गेलात तर ते रक्त तुमच्यावर. मी सांगायचं काम केलं." एवढं बोलून माघारी. लोकांना राग यायचा. गरोदर बाईच्या दारात येऊन रक्ताचं बोलते, म्हातारी अपशकुनी आहे. काही घरांत ती दिसली की दार लावून घेत. एका घरातून तिच्यावर उष्टं पाणी फेकलं. मी तिला म्हणालो, "असं कुणी ऐकतं का? गोड बोलून सांगा."

"गोड बोलायला येळ व्हता तवा मी गप बसले," ती म्हणाली.

माझ्या घरासमोर हायवेच्या पलीकडं सोमनाथचं घर आहे. खाऊनपिऊन सुखी, स्वतःची जीप. त्याच्या सुनेला, रोहिणीला, दोन मुली. तिसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा ताराबाई त्यांच्या अंगणात जाऊन आली. सोमनाथनं तिला हाताला धरून रस्त्यावर आणून सोडलं. रोहिणी खिडकीत उभी होती. मी ओसरीवरून पाहत होतो.

त्यानंतर महिन्याभरानं, सकाळी आठ-साडेआठच्या सुमाराला, मी दात घासत उभा होतो तेव्हा जीप निघाली. चालवायला सोमनाथ, मागच्या सीटवर रोहिणी आणि तिची सासू. रोहिणीनं डोक्यावरून पदर पुढं ओढला होता. सासूच्या मांडीवर एक पिशवी आणि एक घडी घातलेली चादर. दिवस मावळायच्या आत ते परत आले. रोहिणीला दोघांनी धरून आत नेलं. नंतर सांगितलं की न्हाणीत पाय घसरला.

ताराबाई दुसऱ्या दिवशी माझ्याकडं आली. या वेळी पायरीवर बसली नाही, उभीच राहिली.

"गुरुजी, मी आरोग्य अधिकाऱ्याकडं चाललेय. तुमी पाहिलंय जीप जाताना. माझ्यासंगं याल का?"

मी म्हणालो, "मी काय पाहिलं? जीप पाहिली. जीप कुठंही जाईल."

"चादर पाहिली का न्हाई? मागच्या दारानं जाताना चादर घरनंच न्यावी लागती."

"ताराबाई, समोर घर आहे त्यांचं. रोज तोंड बघायचं असतं."

ती माझ्याकडं बघत राहिली. रागानं नाही. एखादं ओझं किती जड ते माहीत असलेला माणूस दुसऱ्याला ते उचलताना बघतो, तशी. मग म्हणाली, "बरं," आणि एकटी गेली.

अधिकाऱ्यानं लिहून घेतलं. आरोग्य खात्यातल्या दोन बाया चौकशीला आल्या. रोहिणीनं सांगितलं, न्हाणीत पडले. सासूनं सांगितलं, न्हाणीत पडली. शेजारी म्हणून त्यांनी मलाही विचारलं. मी म्हणालो, मला काही माहीत नाही. त्यांनी ते लिहिलं आणि मी सही केली. सही करताना मला ताराबाईचा तो अर्ध्या पानाचा जबाब आठवला, हे खोटं नाही. तरी केली.

त्यानंतर ती एकदाच माझ्या ओसरीवर आली. माघ लागला होता. अंगात ताप होता तिच्या. मी चहा दिला. सहीचं तिला कळलं होतं का, मला माहीत नाही. तिनं विचारलं नाही.

चहाचा घोट घेऊन म्हणाली, "या बारीला मी सांगितलं होतं, गुरुजी. सोमनाथच्या अंगणात उभं राहून सांगितलं."

"हो. मी ऐकलं होतं."

"शास्त्रात लिहलंय, पहारेकऱ्यानं सांगितलं आन त्यांनी ऐकलं न्हाई, तर पहारेकऱ्याचा जीव वाचला." तिनं कपबशी खाली ठेवली. "मला वाटलं होतं, तसं झालं की बरं वाटंल. पन ती पोटातली पोर तर गेलीच की. माझा एकटीचा जीव वाचून मी काय करू त्याचं?"

 ती उठून गेली. ताप उतरला नाही. राजश्री आली, तिनं सलाइन लावलं, हॉस्पिटलला नेते म्हणाली. ताराबाई नको म्हणाली. नवव्या दिवशी पहाटे गेली. शेवटच्या दोन दिवसांत ती शुद्धीत होती. पाळकानं प्रभुभोजन द्यायचं का असं विचारलं, तेव्हा तिनं बराच विचार केला आणि मान हलवली. ती हो म्हणाली की नाही म्हणाली, यावरून राजश्री आणि पाळक यांच्यात अजून एकमत नाही. पाळकानं दिलं.

ओढ्यापलीकडं त्यांची दफनभूमी आहे, बाभळींच्या मधे. वीस-पंचवीस माणसं होती. पाळक म्हणाला, ही नीतिमान बाई होती. राजश्रीनं एकदा मान वर करून त्याच्याकडं पाहिलं आणि पुन्हा खाली घातली. माती लोटून झाल्यावर सगळे पांगले. मी मागं राहिलो होतो.

तेव्हा जानकीबाई आली. इतका वेळ ती बांधाच्या कडेला मेंढरं घेऊन उभी होती, कुणाला कळू न देता. कबरीजवळ आली, खाली बसली, ओल्या मातीवर हात ठेवला आणि तसाच काही वेळ दाबून धरला. मग उठली.  मेंढरं पुढं घालून आम्ही दोघं गावाकडं चालत आलो.